चौथा ठोका

कंचनने अंघोळीला नकार दिला आणि गौतमचंद शेठजींच्या घरात कुणाला धड बोलता येईना.

अंघोळीत काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण ही रोजची अंघोळ नव्हती. जवळचं माणूस गेल्याची बातमी कानावर पडली की बाईने आधी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मग रडायला बसायचं, असा त्या घरातला रिवाज होता. पाणी घेतलं म्हणजे बातमी मानली. सासूबाईंनी, म्हणजे बदामबाईंनी, स्वतःच्या हातांनी चुलीवर हंडा चढवला होता आणि सून न्हाणीच्या दारात उभी राहून नुसती मान हलवत होती. खापरच्या बाजारपेठेत असली सून दुसरी नव्हती, आणि बाजारपेठेला हे लगोलग कळलंही होतं.

बातमी आणली करमसिंगने. हा टपालाचा माणूस, तळोद्याहून थैली पाठीवर टाकून पायी यायचा. कंचनचा एकुलता एक भाऊ पुखराज नंदुरबार स्टेशनावर तारबाबू होता, आणि दर राखीला तो नेमाने बहिणीकडे येत असे. त्या वर्षी तापीला असा पूर की काठावरची माणसंसुद्धा लांबूनच हात जोडत होती. तरी हा पठ्ठ्या पलीकडे प्रकाशा गावाला उतरायचं म्हणून नावेत बसला. करमसिंग दुकानाच्या पायरीखाली उभा राहिला, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि त्याने मान खाली घालून सांगितलं, "नाव उलटनी, शेठ. बाबू नावमा व्हता. हाई टोपी तेवढी सापडनी."

टोपी काळी होती आणि तिला पुढे पितळी बिल्ला होता. तो बिल्ला कंचनने गेल्या राखीला चिंचेने घासून दिला होता, त्यामुळे टोपी दुसऱ्या कुणाची असेल असं म्हणायची सोय नव्हती. करमसिंगच्या पाठोपाठ वाटेतले सगळे ओढे भरले आणि खापरला यायची वाट बंद झाली. कंचनचा नवरा माल आणायला सुरतेला गेला होता, तो तिकडेच अडकला.

कंचनचं म्हणणं एवढंच होतं की सापडली आहे ती टोपी, माणूस नव्हे. टोपी वाहून आली म्हणून माणूस बुडालाच कशावरून? हे ती सासूला सांगे, सासू ते ओसरीवर जाऊन सासऱ्यांना सांगे, सासरे त्यावर काय म्हणाले ते सासू पुन्हा आत येऊन सांगे. कारण त्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. घुंगट कपाळाखाली आणि तोंडाला कुलूप. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण गौतमचंदजींनी सुनेचा आवाज ऐकला तो पाटा-वरवंट्याच्या आडून. दोघांच्या मधली तार बदामबाईंमार्फत जायची, आणि बदामबाई तीत थोडं स्वतःचं घालायच्या हेही दोघांना ठाऊक होतं.

बदामबाई वाईट नव्हत्या. त्यांचा स्वतःचा भाऊ तिकडे मारवाडात वारला तेव्हा त्यांना खूप उशिरा कळलं होतं. त्या कंचनजवळ बसून म्हणाल्या की पाणी घेतल्याशिवाय रडू बाहेर येत नाही, आतच कुजतं, मी भोगलंय ते. कंचनला ते पटत होतं. म्हणूनच ती आणखी घाबरत होती. आई-वडील गेल्यापासून तिला माहेर म्हणून घर उरलं नव्हतं, अंगण उरलं नव्हतं. एक माणूस उरला होता आणि तो वर्षातून एकदा भिजून चिंब होऊन यायचा, राखी बांधून घ्यायचा, चिडवायचा आणि जायचा. डोक्यावरून पाणी घेतलं की तो संपला, असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यामुळे हंड्यातलं पाणी उकळायचं, निवायचं, बदामबाई पुन्हा जाळ करायच्या, आणि कंचन न्हाणीकडे पाठ करून बसायची.

आता या भावा-बहिणीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. पुखराजच्या डोक्यात तारबाबू व्हायचं खूळ शिरलं. दुकानदाराच्या मुलाने नोकरी करायची म्हणजे घराण्याचं नाक कापलं, असं वडील म्हणाले आणि महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. पण त्याने एकदा बहिणीला बोटाला धरून नंदुरबार स्टेशनावर नेलं. खिडकीआड मेजावर पितळेचं एक यंत्र होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, कुणी हात लावला नव्हता, आणि ते एकदम आपसूक बोलायला लागलं. कट्ट कडकट्ट, कट्ट कट्ट. तिथला म्हातारा बाबू चहाची बशी खाली न ठेवता ऐकत होता. ऐकून म्हणाला, सुरतेला पाऊस लागलाय, गाडी उशिरा सुटेल. कंचनने बाहेर आकाशाकडे पाहिलं. कडक ऊन होतं. सुरतेचा पाऊस या माणसाला इथे बसून कळतो, आणि तो त्याचं काही वाटून न घेता चहा पितो, याने ती पोर इतकी भारावली की परत येताना वाटेतल्या प्रत्येक तारेच्या खांबाला कान लावत आली. खांब गुणगुणत होते.

तारेला दोनच गोष्टी येतात, असं पुखराजने तिला समजावलं. एक टिंब, एक रेघ. त्या दोहोंतून सगळी इंग्रजी अक्षरं होतात आणि अक्षरांतून सगळं जग. घरी यंत्र नव्हतं, म्हणून तो चमचा घेऊन बसायचा. टिंब असेल तर तांब्यावर टक, रेघ असेल तर लाकडी दारावर घुम. कंचन दाराच्या पलीकडे बसून ओळखायची. इंग्रजी भाषा दोघांनाही यथातथाच, म्हणून त्या अक्षरांत आपलेच शब्द बसवायचे. आई कढी करतेय. बापूजी उठले. पळ. महिनाभरात कंचनला दारापलीकडचं सगळं कळायला लागलं आणि आईला दोघांचं डोकं फिरलंय असं वाटायला लागलं.

पुखराजचा हात चांगला होता, एक खोड सोडून. एका अक्षराला, इंग्रजी एचला, लागोपाठ चार टिंबं लागतात. तिथे तो अडखळायचा. टक टक टक, मग एक श्वास, मग टक. कितीही घोटलं तरी चौथा ठोका उशिराच. परीक्षेत साहेबाने याच गोष्टीवरून त्याला झापलं, पुढे स्टेशनावरचे लोकही हसायचे, आणि त्याला त्याचा भारी राग होता. गंमत अशी की ते अक्षर कंचनच्या नावात मधोमध येतं आणि पुखराजच्या नावातही येतं. त्यामुळे बहिणीला हाक मारतानाही तो अडखळायचा. कंचन मग त्याची नक्कल करायची, तो श्वास आणखी लांबवून, आणि तो चमचा फेकून मारायचा.

ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट ढोलाची आहे, आणि ती खापरमध्ये सगळ्यांना माहीत होती.

खापरच्या भोवताली सातपुड्याच्या पायथ्याला भिलांचे पाडे आहेत. त्या काळी पाड्यापाड्यावर एक मोठा ढोल असे, दोन तोंडांचा, एका तोंडाला घुमणारा, दुसऱ्याला कडकडणारा. पेरणी झाली की तो आढ्याला टांगायचा, तो नवं धान्य देवाला दाखवेपर्यंत उतरवायचा नाही. मधल्या दिवसांत ढोल उतरला तर एकाच कामासाठी: मयत. प्रत्येक कुळाचा ठेका निराळा. नदीकाठी ढोल वाजला की पुढच्या पाड्याने तो ऐकून जसाच्या तसा पुढे द्यायचा, त्याच्या पुढच्याने त्याच्या पुढे. एक ठोका इकडचा तिकडे झाला तर भलत्याच कुळाचे लोक रडत यायचे, म्हणून ढोलवाले ठेक्याला फार जपत. ज्यांचं माणूस असेल त्यांनी ठेका ओळखून परतीचा जबाब द्यायचा, मगच ढोल थांबायचा. पुरात वाटा बंद असल्या तरी ढोलाला ओढा आडवा येत नसे.

बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. कंचन स्वयंपाकघरात परातीत पीठ मळत होती. पाणी न घेतलेल्या बाईच्या हातचं त्या घरात कुणी खाणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती मळत होती, कारण पोळ्या करणं म्हणजे घरात काही झालेलं नाही असं सांगणं होतं. एवढ्यात उगवतीकडून, फार लांबून, ढोल ऐकू आला.

बाजारातलं बोलणं बंद पडलं. कुणीतरी दुकानाच्या फळीवरून उठून उभं राहिलं. श्रावणातला ढोल म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नव्हतं. नदीकाठच्या पाड्यांनी बुडालेल्यांसाठी ढोल घातला असणार, हे गौतमचंदजींनी ओसरीवरून म्हटलं आणि बदामबाईंनी आत आणलं. त्या सुनेच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. आवाज चढवून नव्हे, थकून म्हणाल्या, "बीनणी, अबै तो न्हा ले."

कंचन आपल्या हाताकडे बघत होती. पिठाने भरलेलं तिचं बोट परातीच्या काठावर टकटक करत होतं आणि तळवा मधूनच जमिनीवर आपटत होता. ढोलाबरोबर. कधी सुरू झालं तिला कळलंच नव्हतं. बोटांना काहीतरी आठवत होतं आणि ती मालकिणीला न विचारता चालली होती.

तिला स्वतःची भीती वाटली. दोन दिवस पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही; अशात माणसाला भिंतीतूनही हाका ऐकू येतात. तिने हात पिठात दाबून धरला. तिकडे ढोलही थांबला. मग नुसता ओढ्याचा आवाज राहिला.

त्या शांततेत तिचा धीर सुटला. ढोल वाजून गेला, म्हणजे झालं. बदामबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं तेव्हा ती उठली. न्हाणीतल्या दगडावर बसवलं तेव्हा बसली. बदामबाईंनी हंड्यातून तांब्या भरला, ऊन-थंड पाहिलं, आणि सुनेच्या डोक्यावर धरला.

आणि गावाच्या कडेला उदेसिंगचा ढोल कडाडला.

उदेसिंगचा पाडा बाजारापासून हाकेच्या अंतरावर होता. लांबचा ठेका त्याने नीट ऐकून घेतला होता आणि आता तो पुढे देत होता. न्हाणीच्या कुडाच्या भिंतीही हादरल्या. घुम टक घुम. टक घुम. घुम टक. घुम टक घुम टक. टक टक टक. मग एक श्वास. बदामबाईंचा हात वर तसाच. मग टक.

कंचनने सासूचं मनगट धरलं. तांब्यातलं पाणी हिंदकळून भिंतीवर गेलं. सुनेने सासूचा हात असा धरल्याचं त्या घराला ठाऊक नव्हतं, पण बदामबाई रागावायचं विसरल्या, इतका तिचा चेहरा बदलला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "सासूजी, वीरो म्हनै बुलावै है."

भाऊ मला बोलावतोय. बदामबाईंना वाटलं, पोरीच्या मनावर परिणाम झाला. कंचनने त्यांचा हात न सोडता ठेका पुन्हा ऐकवला, अक्षर अक्षर तोडून दाखवलं: हे माझं नाव, अख्खं नाव, आणि ही इथली खोड त्याची, दुसऱ्या कुणाची नाही. बाहेर ढोल चालूच होता. घुम टक घुम. बदामबाईंना अक्षरं कुठली कळायला? पण ढोल अडखळायच्या आधी सून बोट वर करायची आणि ढोल बरोबर तिथेच अडखळायचा. पुन्हा पुन्हा. मग त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

कंचन बोट वर धरून ऐकत राहिली. भाऊ जिवंत असेल ही एक गोष्ट झाली. पण ही हाक आली कशी? तापीच्या काठावरून इथवर किती पाडे, किती हात. कुणी म्हातारा असेल, कुणी तापाने फणफणलेला असेल. कुणाच्याही सात पिढ्यांत कुणी तार पाहिली नव्हती. या ठोक्यांत अक्षरं आहेत, अक्षरांत एका बाईचं नाव आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आणि तरीही एकानेही तिच्या भावाचा तेवढा श्वाससुद्धा गाळला नव्हता. सुरतेचा पाऊस सांगणारं पितळ तिला लहानपणी मोठं वाटलं होतं. ते आता या ढोलांपुढे लहान वाटलं.

बदामबाईंनी मात्र एक शंका काढली, आणि ती खोटी नव्हती. ढोल निघाला असेल सकाळी, म्हणाल्या. तिथून पुढे तो पाड्यांचा झाला. पाठवणारा आता या घडीला आहे की नाही, हे ढोलाला काय ठाऊक? वाहून आलेला माणूस, किती लागलं असेल, काय झालं असेल. कंचनचं तोंड उतरलं. मग तिने घुंगट ओढला आणि ती पिठाच्या हातांनीच मागच्या दाराने बाहेर पडली.

जबाब द्यायला हवा होता. जबाब गेला आणि त्यावर पलटून काही आलं, तरच तो आहे.

बाजारातल्या चिखलातून गौतमचंद शेठजींची सून पायात काही न घालता चाललेली लोकांनी पाहिली. तिच्यामागे हातभर अंतर ठेवून धोतर सावरत, छत्री उघडी धरून, बदामबाईंकडून सगळं ऐकून खुद्द शेठजी चाललेले पाहिले. पाऊस थांबलेला होता. छत्री का उघडली हे शेठजींनाही सांगता आलं नसतं.

उदेसिंग झोपडीच्या ओट्यावर ढोल जाळाजवळ धरून बसला होता. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं, ते शेकून ताणून घ्यावं लागतं. त्याने शेठजींना पाहिलं आणि तो उठला. ठेका ऐकल्यापासून डोक्यात घोळत होतं ते त्याने सांगून टाकलं. असला ठेका त्याने जन्मात ऐकला नव्हता. कुठल्याच कुळाचा नाही. मयताचा म्हणावा तर त्यात रडणं नाही. "जबाब घरना मानूसनी देवाले जोयजे, शेठ," तो म्हणाला. "तेनाबिगर ढोल थांबत नही."

घरचा माणूस. शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं. मुलगा सुरतेला. राहिले ते स्वतः. त्यांनी ढोलाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं; आयुष्यात तराजू सोडून दुसरं काही त्या हातांनी फारसं धरलं नव्हतं. काय वाजवायचं ते सुनेला विचारायला हवं, आणि विचारायला बदामबाई तिथे नव्हत्या. शेठजी थोडा वेळ छत्रीच्या काड्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी छत्री मिटली आणि घुंगटाकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा, सरळ सुनेशी बोलले. बेटा, काय करायचं ते सांग, म्हणाले.

घुंगटातून उत्तर आलं. शब्द स्पष्ट होते. ही हाक तिच्या नावाची होती, म्हणून जबाब तिने द्यायचा. तिला तो येत होता. त्यात एका ठिकाणी थांबावं लागतं आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नव्हतं.

शेठजी उदेसिंगकडे वळले. "मन्ही सून शे," ते म्हणाले. "हाई देई."

उदेसिंग घुटमळला. त्याच्या पाड्यावर बायका ढोलाला हात लावत नसत. त्याची म्हातारी आई कालीबाई जाळापाशी बसली होती, तिच्याकडे त्याने पाहिलं. ती म्हणाली की मयताच्या ढोलाचे नियम आपल्या वाडवडलांनी करून ठेवलेत; जिवंत माणसाच्या ढोलाचा नियम कुणी केलेला नाही, तर मोडणार काय? उदेसिंगला हे पटलं. आणि कंचनला त्याच वेळी कळून चुकलं की तिकडे नदीकाठी कुणालातरी तिच्या भावाने असंच काहीतरी पटवलं असणार. श्रावणात ढोल उतरवायला कोण तयार होतं? तो म्हणाला असेल, खापरला मी मेलेलाच आहे, मग वाजवा की. हा माणूस तेच म्हणाला असणार, याबद्दल तिला शंका राहिली नाही.

उदेसिंगने ढोल गळ्यात अडकवला आणि तो ओढ्याकडे तोंड करून पाय रोवून उभा राहिला. कंचन बाजूला उभी राहिली. एका हातात काठी, दुसरा हात कातड्यावर. पहिला ठोका फारच हलका पडला. ढोल मुठीने वाजत नाही, खांद्याने वाजतो, हे उदेसिंगने खांदा हलवून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने खांदा लावला, आणि तो आवाज तिच्याच छातीत घुमला.

तिने भावाचं नाव वाजवलं. टक घुम घुम टक. टक टक घुम. घुम टक घुम. मग ती चार टिंबं आली. टक टक टक. इथे ती थांबली, मुद्दाम, लहानपणी थांबायची तशी, त्याच्यापेक्षाही लांब. तो तिकडे वेदनेत पडलेला असेल, मरणाच्या दारातून आलेला असेल, आणि ती त्याला चिडवत होती. दुसरं काय पाठवणार? मी कंचन आहे हे त्याला याहून खात्रीने कळणारं काही तिच्याजवळ नव्हतं. टक. मग तिने उरलेलं नाव पुरं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं. घुंगट कधीच मागे पडला होता. सासरे समोर होते आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. ते ओढ्यापलीकडे कान लावून उभे होते.

तिने हात थांबवला. ओढ्यापलीकडच्या पाड्यावर ढोल उठला. टक घुम घुम टक. सगळं जसंच्या तसं, आणि चार टिंबांशी आल्यावर तो न दिसणारा माणूसही थांबला. बरोबर तेवढंच, तिने लांबवलं तेवढं. मग टक. त्याच्यापुढचा ढोल आणखी बारीक ऐकू आला. त्याच्यापुढचा तर वाऱ्यासारखा, ऐकला की भास झाला हे सांगता येईना. गौतमचंदजींनी पागोटं काढून काखेत धरलं. ते कुणापुढे काढलं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. परतताना वाटेत ते एवढंच म्हणाले की आपण आयुष्यभर या लोकांना मीठ विकलं आणि त्यांच्याजवळ काय आहे ते कधी विचारलं नाही.

घरी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. कंचन गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. बदामबाई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन दिवस तापत ठेवलेला हंडा अजून चुलीवर होता. "पाणी गरम है," त्या म्हणाल्या. "कादो धो ले."

कादो म्हणजे चिखल. कंचन न्हाणीत गेली, त्याच दगडावर बसली आणि फक्त पायांवर पाणी घ्यायला लागली. डोक्याला तिने थेंब लावला नाही. बदामबाईंनी तेही पाहिलं. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं असतं त्या घरात, पण त्या दिवशी कुणी ताटं मांडली नाहीत. शेठजी ओसरीवर, बदामबाई न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून, आणि कंचन आत; तिघंही एकच काम करत होते. जबाब तिकडे पोचला असेल का? पोचला तर ऐकणारा असेल का? पाय केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी ती तांब्याने पाणी घालत राहिली.

मग ढोल आला. उगवतीकडून आधी बारीक, मग ओढ्यापलीकडून, मग उदेसिंगचा. घुम टक घुम. तिचंच नाव. कंचनच्या हातातला तांब्या थांबला. हेच तर दुपारीही आलं होतं. पाड्यांनी तेच पुन्हा फिरवलं असेल तर? जबाबाची वाट न पाहता मागचाच ढोल घुमत राहिला असेल तर? टक घुम. घुम टक. घुम टक घुम टक. आता ती चार टिंबं. ती श्वास रोखून बसली.

टक टक टक टक.

मध्ये काही नाही. चार ठोके एका ओळीत, नेटके, ताठ, साहेबाने परीक्षेत मागितले होते तसे. पुढचं नावही पुरं झालं, ढोल फिरून पहिल्यापासून आला, आणि पुन्हा चार ठोके चोख. इतक्या वर्षांत एकदाही जमलं नव्हतं ते त्याने मोडक्या अंगाने, परक्याच्या झोपडीत, फक्त बहिणीला गप्प करायचं म्हणून जमवून दाखवलं होतं.

बाहेरून बदामबाईंनी भीत भीत विचारलं, काय म्हणतोय.

"चिडलाय," कंचनने आतून सांगितलं, आणि तांब्या भरून आपल्या हाताने डोक्यावर ओतला.